चाळिसाला एक वाढव

मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबते तीच. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी चाळीस इंचांमागे एक इंच चुकते. स्वतःची चूक अशी पहिल्या भेटीत सांगायला मला पंधरा वर्षं लागली. एवढा वेळ का लागला, तेवढंच आज सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. जाड कापडाच्या पट्टीला पिवळा रंग दिला, त्यावर काळे आकडे छापले आणि टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या. शेवटी एका बाईंनी मला लोखंडी पट्टीशेजारी ठेवून साठही रेघा जुळवून पाहिल्या आणि मान डोलावली. त्या दिवशी मी अगदी खरी होते. ती लोखंडी पट्टी मात्र मला मुळीच आवडली नाही, कसली गार आणि ताठ! पुन्हा हिच्या वाटेला जायचं नाही, असं मी ठरवलं आणि इमानाने पाळलं.

मी आले ती मास्तरांच्या दुकानात. पुढच्या खोलीत आरसा आणि शिलाईची दोन यंत्रं, मागच्या खोलीत कापड बेतायचं लांब टेबल. माप घेण्याआधी मला दोन्ही हातांत धरून झटक्यात ताणायची मास्तरांची लकब होती. 'फट्' असा आवाज झाला की गिऱ्हाईक आपोआप सरळ उभं राहायचं. दिवसातून पन्नास वेळा तो झटका, वर इस्त्रीची वाफ. मी हळूहळू सैल पडत होते, लांबत होते. पण माणसाचं माप मीच घ्यायची आणि टेबलावर कापडही मीच मोजायची. चूक दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे कपडे अंगावर चपखल बसायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. मलाही नाही.

उलट माझं कौतुकच फार झालं. पोस्टातले जाडे साहेब दर वर्षी पँट शिवायला यायचे. एके वर्षी त्यांची कंबर अर्धा इंच कमी भरली. मास्तर म्हणाले, साहेब, बारीक झालात. साहेब इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी आणखी एका पँटचं कापड घेऊन आले, आणि मेहुण्यालाही घेऊन आले. तोही बारीक निघाला. खरं सांगायचं तर मला वाटायचं, सगळी माणसं आखडत चालली आहेत आणि मी एकटीच जशीच्या तशी आहे. मास्तर मला गळ्यातून उतरवत नसत. माझ्या डोक्यात हवा गेली होती.

मास्तरांची लेक चार वर्षं काज-बटणं आणि हातशिलाई करत होती. तिला हवं होतं मागच्या खोलीतलं ते टेबल. पण कात्री हातात घेतली की तिचा जीव खालीवर व्हायचा, कारण एकदा कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही. शेवटी एका गायनमंडळाच्या बारा जाकिटांचं काम आलं. रविवारी भरल्या सभागृहात त्यांचं गाणं होतं. मास्तरांनी माझ्याकडून मापं घेतली, वहीत लिहिली आणि लेकीला म्हणाले, "ही बारा तू बेतायची. मी बघायलाही येणार नाही." मी काही त्यांच्या गळ्यातून हलणार नव्हते, म्हणून त्यांनी तिला एक कोरी टेप आणून दिली.

बुधवारी बाराही गायक जाकिटं घालून आरशासमोर उभे राहिले. दिसत छान होते. मग त्यांना गाणं शिकवणाऱ्या बाईंनी हात वर केला आणि एक ओळ म्हणायला सांगितली. बारा जणांनी छाती भरून श्वास घेतला, आणि सगळ्यात जाड गायकाचं बटण उडून आरशावर आपटलं. बाकीच्यांचीही बटणं ताणली गेली. आधी सगळे हसले, मग कुणीच हसेना. मास्तरांचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "पोरीचा हात अजून कच्चा आहे."

सगळे गेल्यावर लेकीने कात्री मास्तरांपुढे ठेवली. म्हणाली, "बाबा, मी काज-बटणंच करीन. ते मला जमतं." मास्तरांच्या गळ्यात बसून मी हे ऐकलं आणि मला, मित्रांनो, बरं वाटलं. त्या कोऱ्या टेपचं पितळ उघडं पडलं, असं मी मनात म्हटलं. आज त्याची फार लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर मला खुंटीला अडकवून जेवायला घरी गेले. लेक एकटीच होती. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते, पण नेमकं काय चुकलं ते तिला बघायचं होतं. तिने वही उघडली आणि एकेक जाकीट मोजलं. वहीत एकोणचाळीस, जाकीटही एकोणचाळीसचंच. बाराच्या बारा वहीबरहुकूम. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

तिने मला खुंटीवरून काढून कोऱ्या टेपशेजारी ठेवलं. दहावर पाव इंचाचा फरक. विसावर अर्धा. माझ्या चाळिसासमोर कोरीचे एकेचाळीस. तरी तिने घाई केली नाही. कपाटाच्या तळाशी मास्तरांची एक जुनी लोखंडी पट्टी होती, ती काढून तीही शेजारी ठेवली. कारखान्यातल्या पट्टीसारखीच होती, गार आणि ताठ. कोरी तिच्याशी जुळली. मी जुळले नाही. माणसं मोजली होती मी आणि कापड मोजलं होतं कोरीने, म्हणून प्रत्येक जाकीट इंचभर घट्ट झालं होतं.

मास्तर आले तेव्हा आम्ही तिघी टेबलावर होतो. ते वाकून बघत राहिले. त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला, पण मी तिथे नव्हते.

"तुला चारचौघांत बोललो मी," ते म्हणाले. "आता चारचौघांतच सांगेन." आणि तसेच निघून गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या तालमीत गेले. बाराही गायकांसमोर त्यांनी सांगितलं, "चूक माझी, पोरीची नाही."

पण रविवार तर जवळ आला होता. परत येऊन मास्तरांनी एका जाकिटाची शिवण उसवली आणि थबकले. आत दोन्ही बाजूंना इंच-इंच जादा कापड सोडलेलं होतं. ते स्वतः अर्धाही सोडत नसत. एवढं का सोडलंस, असं त्यांनी विचारलं.

लेक म्हणाली, "माझं चुकलं तर, म्हणून."

मास्तर खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं, आणि मला तर नव्हतंच नव्हतं. दोघांनी मिळून शनिवारी संध्याकाळपर्यंत बाराही जाकिटं सैल केली. रविवारी लेक गाणं ऐकायला गेली. परत येऊन म्हणाली, बाबा, एक बटण हललं नाही.

आता मला कचऱ्याची टोपली दिसत होती. पण लेकीने पेन घेतलं, मला उलटं केलं आणि टोपीजवळ लिहिलं: चाळिसाला एक वाढव. आता मी तिच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर असते. दर महिन्याला दुकानातल्या सगळ्या टेपा लोखंडी पट्टीशेजारी निजतात. पोस्टातल्या साहेबांना त्यांची खरी कंबर कळली. ते दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी पँट शिवायला आले.

मित्रांनो, तुम्हीही वापरून-वापरून थोडे ताणले जालच. त्याला इलाज नाही. पण आपलं आपल्याशीच जुळतंय एवढ्यावर खूश राहू नका. वर्षातून एकदा तरी तुम्हाला खरं सांगेल अशा कुणाशेजारी जाऊन बसा, ते माणूस कितीही गार वाटलं तरी. काही चुकलं तर स्वतःवर कात्री चालवण्याआधी नीट मोजून बघा. आणि शिवणीत थोडं कापड सोडा.

परवा मास्तरांनी स्वतःसाठी जाकीट शिवायला काढलं. कोरी टेप कापडाच्या ढिगाखाली कुठेतरी गेली होती, म्हणून लेकीने मला घेतलं. इतक्या दिवसांनी मी मास्तरांच्या छातीभोवती गेले. "श्वास घ्या, बाबा," ती म्हणाली. त्यांनी भरून घेतला. मी एकोणचाळीस दाखवले. तिने माझी पाठ वाचली आणि वहीत चाळीस लिहिले.