कारभार आमचा

इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद होती. घरं आम्ही विकत घेतलेली, पण लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. जमीन आणि जिने मालकाचे, पार्जिटरचे. दुरुस्ती त्याच्या कंपनीनं करायची, बिल आम्ही भरायचं. कंपनी बिल तेवढं वेळेवर पाठवायची.

चौथ्या मजल्यावरची ग्लेनिस टॅटरसॉल जन्मभर बस चालवलेली बाई. गुडघे गेलेले. एका सकाळी ती एकेक पायरी बसत खाली उतरली आणि तिनं प्रत्येक दार ठोठावलं.

"निम्मी घरं एकत्र आली, तर इमारतीचा कारभार आपल्या हातात येतो," ती म्हणाली. "मालकाच्या वकिलाचं बिल आपल्या माथी पडेल म्हणून घाबरत होतो ना? नव्या कायद्यानं तेही गेलं."

मी लगेच सही केली. एकच घर कमी पडत होतं. तळमजल्यावरचे विन्स्टनली म्हणाले, "मला लिफ्ट लागतच नाही. मालकाशी उगाच वाकडं कशाला घेऊ?"

कुणकुण लागताच पार्जिटर स्वतः आला. जिन्यापाशीच आम्हाला गाठून म्हणाला, "माझ्या वडिलांनी ही जमीन घाम गाळून घेतली. यावरच माझं घर चालतं. आता कायदा बदलला, म्हणून तुम्ही लुटणार?"

"जमीन कोण नेतंय तुझी, पोरा?" ग्लेनिस म्हणाली. "ठेव की. जिना आम्ही झाडू."

तो विन्स्टनलींकडे वळला. "तुम्ही तरी शहाणे आहात. भाडेकरूनं भाडेकरूसारखंच राहावं."

म्हातारा लालबुंद झाला. "भाडेकरू? कोण भाडेकरू? पंचवीस वर्षं हप्ते फेडलेत मी! ग्लेनिस, आण तो कागद."

भिंतीला कागद टेकवून त्यांनी सही केली. पेन दोनदा अडखळलं, तसे पेनवरच खेकसले.

पार्जिटरनं हरकत घेतली. न्यायाधिकरणानं ती फेटाळली. वसंतात कारभार आमच्याकडे आला. लिफ्ट सुरू व्हायला आणखी दोन महिने गेले, कारण मेकॅनिक कसा निवडायचा यावरच आम्ही तीन बैठका भांडलो.

आता पार्जिटरऐवजी सगळे ग्लेनिसवर ओरडतात. परवा तिसऱ्या मजल्यावरची बाई कचऱ्यावरून तिच्या अंगावर धावून आली.

"ओरड ना," ग्लेनिस म्हणाली. "पण गुरुवारी बैठकीत येऊन ओरड. तिथं तुझं मत मोजतात."