बरणीत बोलणारे राय-आवळे

मित्रांनो, गिरीज गावच्या वाडीतल्या एका घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर बसलेली जुनी बरणी म्हणजे मी. चिनी मातीची, खांदे पिवळे, पोट पांढरे. या घरात फ्रीज कानामागून आला आणि तिखट झाला, तरी राय-आवळ्यांचा मान माझाच राहिला.

दर उन्हाळ्यात क्लेमेंटीन अंगणातले राय-आवळे साखरेच्या पाकात मंद आचेवर शिजवायची. ते लालभडक झाले, की गार करून माझ्यात भरायची आणि तोंडाला फडके बांधायची. ओला चमचा कुणी माझ्याजवळ आणला, तर त्याची धडगत नसे. पाहुण्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली, की मलाही धन्य वाटे.

यंदाही तिने मला भरले, आणि पावसाच्या तोंडावर ती गेली.

तिचा नवरा थॉमस कुणाला आवळा खाऊ देईना, स्वतःही खाईना. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली, की फडके सोडून नुसता वास घ्यायचा. पावसाळी दमट हवा आत शिरत राहिली. एके दिवशी माझ्या पोटात बुडबुडे फुटू लागले.

थॉमसने कान लावला. त्याचा चेहरा उजळला.

"क्लेमेंटीन, बोल गं," तो पुटपुटला.

मी जन्माची मुकी. आत आवळे आंबताहेत, हे त्याला कसे सांगणार? खरे सांगते, पुढे पुढे मलाही तो तिचाच आवाज वाटू लागला. अंधार पडला, की माझी मलाच भीती वाटे.

ती जाऊन महिना झाल्यावर चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होता; त्याच्या आदल्या दिवशी सून ॲंजेलाने फडके सोडले. आंबूस वास तिच्या नाकात गेला.

"पप्पा, फेस आलाय. आजच उकळून घेतले तर वाचतील, नाहीतर फेकावे लागतील."

"उकळलेस तर ती गप्प होईल."

ॲंजेलाने माझ्या काठावरचा फेस पुसला. मग हळूच म्हणाली, "मम्मीने खायला केले होते, पप्पा."

थॉमसने स्वतः मला उचलून शेगडीजवळ ठेवले.

दुसऱ्या दिवशी मिस्सेहून आलेल्या सगळ्यांना वाट्या दिल्या. एक वाटी क्लेमेंटीनच्या खुर्चीसमोर ठेवली. माणसे गेल्यावर थॉमसने ती पुढे ओढली आणि एकेक आवळा खाल्ला.

"थोडे आंबट राहिलेत," तो म्हणाला आणि रडू लागला.

मित्रांनो, कुणी मायेने केलेले आमच्या पोटात कोंडून ठेवू नका. वेळेवर वाढा, वाटा, खा. आता मला धुऊन पालथी ठेवली आहे. थॉमस अजूनही संध्याकाळी येऊन माझ्याजवळ उभा राहतो. त्याच्यासाठी एक बुडबुडा तरी फुटावा असे मला फार वाटते, पण मी रिकामी आहे.