भिंतीवरच्या बाटल्या

खोटं कशाला बोलू, भक्तीच्या गोठ्यावरचे निळे पत्रे पाहिले की माझ्या पोटात दुखतं. भक्ती माझी धाकटी जाऊ. वाटणी झाली तवा गोठाबी मधोमध वाटला अन् मधी छातीइतकी मातीची भिंत घातली. चार वर्षांत तिच्या बाजूला पत्रे आले, माझ्या बाजूला अजून कापसाच्या पऱ्हाट्या अन् फाटकी ताडपत्री. औंदा मात्र मी ठरवलं होतं. माझा लाल कंधारी गोऱ्हा विकायचा अन् त्या पैशात पत्रे टाकायचे. तेबी निळेच.

तिच्याकडंबी त्याच वयाचा गोऱ्हा होता. दोघं एकाच वळूचे.

श्रावणात गोचीड लय झाले. पिंगळीहून जनावराचे डॉक्टर आले, भिंतीच्या भेगेत काडी घालून म्हनले, "मावशी, जनावरावर दिसतात ते थोडेच. बाकी सगळे हितं लपलेत. एक मादी गळून पडली की भेगेत हजारानं अंडी घालती. दोघी मिळून दोन्ही गोठे एकाच दिवशी फवारा, पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा. एकीनं करून भागत न्हाई."

भक्ती लगेच म्हनली, "आक्का, औषधाचे नऊशे होतात. निम्मे-निम्मे करू. भिंत एकच हाय, तुमच्याकडचे मेले तरच माझ्याकडचे मरतील."

साडेचारशे रुपये. माझ्या डोक्यात हिशोब वेगळाच चालला. माझ्या पैशानं भिंत साफ व्हायची अन् गोऱ्हा हिचा चमकायचा? मी म्हनलं, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. मला हात हायत. वेचून काढीन, फुकट."

ती नुसतं "बरं" म्हनली. तिचं ते "बरं" मला कधीच सोसत न्हाई. भांडायचं तर नीट भांडावं माणसानं.

तवापासून रोज सकाळी मी गोऱ्ह्याच्या कानातले, शेपटाखालचे गोचीड वेचायची. टम्म फुगलेले, हरभऱ्याएवढे. आमच्याकडं ते गोवरीच्या इस्तवात टाकतात. मी भिंतीवरून पलीकडं फेकायची. हो, फेकायची. सांगायलेय तर पुरतंच सांगते. तिनं औषधाला पैसे घातले ना, मग घाल म्हनावं अजून.

भक्तीनं एकटीनंच फवारलं. तिच्या बाजूनं भिंत लिंपली, चुना मारला. अन् दर फवारणीला भिंतीवर एक बाटली ठेवायची, बरोबर माझ्या तोंडासमोर. पहिल्या बारीला एक, दुसऱ्या बारीला दुसरी, मग तिसरी. रिकाम्या बाटल्या मांडून ठेवायलीय मला दाखवायला, दुसरं काय? मी तिकडं पाठ करून गोऱ्ह्याला कडबा टाकायची.

माझा गोऱ्हा मात्र खाऊनबी भरेना. जेवढे वेचले तेवढे दुसऱ्या दिशी पुन्हा हजर. दिवसभर खांबाला अंग घासत उभा राहायचा.

दसऱ्याच्या आधी पाथरीचा व्यापारी आला, बजरंग नावाचा. आधी पलीकडं गेला. मी भिंतीआड वाकून कान लावला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं सासूबाई मलाच उद्देशून म्हनायच्या. सौदा बासष्ट हजाराला पटला.

मग तो माझ्याकडं आला. गोऱ्ह्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. कान उलटा केला, मानेखाली हात फिरवला.

"मावशी, रगत कुठाय ह्याच्यात? गोचिडानं पिलंय सगळं. अडतीस देतो. नेऊन औषधपाणी करीन, जगला तर जगला."

"पलीकडचा बासष्टला घेतलास. दोघं एकाच वळूचे हायत."

"वळूचं काय करू? मी समोर हाय ते बघतो."

साडेचारशे वाचवले अन् चोवीस हजार घालवले. हा हिशोब करायला मला शाळा लागली न्हाई. विकायचा न्हाई म्हनून मी त्याला वाटंला लावलं अन् दावणीपाशीच बसले. पत्र्याचं सपान तिथंच संपलं.

तेवढ्यात भक्ती आली. मला वाटलं, आता पेढा देती अन् जीव घेती. पण तिच्या ओच्यात अंडी होती, सहा.

"घ्या आक्का. तुमी रोज गोचीड फेकता अन् माझ्या कोंबड्या भिंतीखाली वाटच बघत उभ्या असतात. एकबी सोडीत न्हाईत. म्हनलं, अंड्यावर तुमचाबी हक्क हाय."

"तुला ठावं होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी औषध घ्याल अन् आपसूक बंद होईल, असं वाटलं." तिनं भिंतीवर बोट दाखवलं. "तीनदा ठिवलं तुमच्या वाटणीचं. पैसे कुठं मागितले मी? तुमी हातबी लावला न्हाई."

मी उठले, एक बाटली उचलली. जड लागली. दुसरी, तिसरी, तिन्ही भरलेल्या. वर बोटभर धूळ, अन् बूच जसंच्या तसं.

भक्तीनं पंप आणला. औषध कालवलं, माझ्या बाजूची एकेक भेग फवारली, मग गोऱ्हाबी. टोचून एक शब्द बोलली न्हाई. मी नुसती बादलीनं पाणी देत राहिले.

पोटातलं दुखणं काही गेलं न्हाई, उलट वाढलं. निळे पत्रे एक वेळ मी सोसले असते. पण ह्या बाईचं मनबी माझ्याहून मोठं निघालं, ते आता कसं सोसू?