माझी पाठ आठ महिने कोरी राहिली

मित्रांनो, मी एक जुने पिवळे कार्ड आहे. पुन्हा पुन्हा टाचणी टोचून माझ्या कोपऱ्याची चाळण झाली आहे. इस्पितळांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका ऑफिसात, फळ्यावर माझे आयुष्य गेले.

माझा जन्म अर्ध्या मिनिटात उरकला. तिथली रीतच तशी होती. सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभे राहायचे, पंधरा मिनिटांत बोलणे आटपायचे आणि एकेका कार्डावर एकेक काम लिहायचे. टीमलीडरने जाड पेनाने माझ्यावर लिहिले, 'औषधाची वेळ झाली की नर्सला लगेच कळावे.' काम पूर्ण झाले हे कसे ओळखायचे, ते मागच्या बाजूला लिहायचे असते. पण तो म्हणाला, "मागचं नंतर बघू. आपलं काम अजाइल पद्धतीचं आहे, थोडं थोडं झटपट करत पुढे जायचं, कागद भरत बसायचं नाही." ते 'नंतर' काही उजाडले नाही.

माझा जीव जळतो तो इथेच. लगेच म्हणजे किती वेळात? कळावे ते कुठे? एवढे विचारायला कोणाची जीभ झिजणार होती?

प्रोग्रॅमर मुलगी मन लावून काम करणारी. तिने वॉर्डातल्या टेबलावरच्या संगणकात घंटा बसवली. टाळ्या वाजल्या, मी 'झाले' या रकान्यात गेले आणि थोडे फुगलेसुद्धा. आठवड्याने परत आले, कारण नर्स टेबलाशी बसलेली नसते, खाटांपाशी असते. मग घंटेचा आवाज वाढवला, तर रुग्ण दचकून उठू लागले. पुन्हा परत. मग घंटा काढून पडद्यावर लाल पट्टी आणली, तीही त्याच टेबलावर. इस्पितळ दहा मिनिटांच्या वाटेवर होते. आठ महिन्यांत तिकडे कोणी फिरकले नाही.

एका दुपारी त्या वॉर्डातली नर्स स्वतःच ऑफिसात आली. तिने तळहात पुढे केला. त्यावर पेनाने लिहिलेल्या औषधांच्या वेळा अर्धवट पुसल्या होत्या.

"हात धुतले की हे जातं," ती म्हणाली. "आज सात नंबरच्या आजोबांचं इंजेक्शन दोन तास उशिरा गेलं. ते बरे आहेत. पण बोलणी मी खाल्ली."

"पण सिस्टर, कार्डावर 'लगेच' लिहिलंय ना," टीमलीडर म्हणाला.

तिने मला काढले आणि उलटे केले. "आणि इथे?"

मग प्रोग्रॅमर मुलीने खुर्ची ओढली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"खिशातला फोन थरथरू दे. वेळेच्या पाच मिनिटं आधी. आणि औषध दिल्याचं मी नोंदवेपर्यंत थरथरत राहू दे."

माझ्या पाठीवर तीन ओळी झाल्या. चार मिनिटे लागली.

मित्रांनो, काल माझ्या शेजारी एक नवे कार्ड लागले आहे. 'डॉक्टरांना अहवाल सोपा दिसावा.' त्याची पाठ कोरी आहे. कोणत्याही कार्डाला टाचणी मारण्याआधी, ज्याच्यासाठी काम करायचे त्याला गाठा आणि त्याच्या तोंडच्या दोन ओळी मागे लिहून घ्या. तुम्ही लिहिल्या नाहीत, तर त्या कोणीतरी आपल्या तळहातावर लिहीत राहील.