ओटा वाळेपर्यंत

लेकीला परगावी नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात बाबांनी स्वयंपाकघरातला लाकडी ओटा घासायला काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. संबंध होता. ती जाणार म्हणून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता आणि हातांना काहीतरी चाळा हवा होता.

या घरात रांधायचं काम बाबांचं. ते फोडणी देत आणि लेक ओट्यावर बसून, पाय हलवत, दिवसभराचं सगळं सांगत असे. ती शाळेत होती तेव्हापासूनची ही सवय.

घासणं झकास झालं. कपांची वर्तुळं गेली, तव्याचा काळा डाग गेला. बाबा स्वतःवर इतके खूश झाले, की मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी आत नेऊन ओटा दाखवला.

मग आलं जवसाचं तेल. "पातळ हात मारा, उरलेलं पुसून काढा आणि नीट वाळू द्या," दुकानदाराने बजावलं होतं. पण पुसूनच काढायचं तर लावायचं कशाला? बाबांनी सढळ हाताने तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी ओटा चिकट. म्हणजे तेल कमी पडलं, असा शोध त्यांनी लावला आणि दुसरा हात चढवला. मग तिसरा. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. बाबा शेळीवर बसून उंट हाकत होते.

शेगडी गॅलरीत गेली. "ओटा कसला, जावई आहे हा," आई म्हणाली. "कामाचा नाही, पण मान केवढा!"

लेक सवयीने ओट्यावर चढायला आली, तर बाबा खेकसले, "ए, खाली! डाग पडतील!" ती "बरं" म्हणून खोलीत गेली. त्यानंतर काही विचारलं तर "हो" नाहीतर "नाही", एवढंच.

ती निघायच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर बोट टेकवून बघताना बाबांच्या एकदम लक्षात आलं. पोरीशी बोलून घ्यायचे दिवस आपण एका फळीची मर्जी सांभाळण्यात घालवले. गाढवाला बरी अक्कल असते.

त्यांनी शेगडी आत आणून स्टुलावर ठेवली, कांदा चिरायला घेतला आणि हाक मारली, "अगं, वाळला बघ ओटा! ये, बस."

लेक आली. तिने बोट टेकवलं, ते चटकन सुटेना. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून कांदा चिरत होते. ती नव्या पँटसकट उडी मारून ओट्यावर बसली.

"बाबा, मला तिथे जायची भीती वाटतेय."

"मलाही," बाबा म्हणाले.

मग ती बोलत सुटली. फोडणीत टाकलेला कांदा करपला, तरी कुणी हललं नाही. शेवटी तिने जरा सरकायचा प्रयत्न केला.

"बाबा, मी चिकटले."

"चिकटू दे," बाबा म्हणाले. "फार तर उद्याची गाडी चुकेल."