काळ्या सोयाबीनचं लोखंड

आमच्या मामंजींचं वय अठ्ठ्याऐंशी. या वयात दोनच कामं धड जमतात, असं ते स्वतःच म्हणतात: घरातली जुनी तलवार पुसणं आणि शेजारच्या इवाओसानना डिवचणं.

इवाओसान विळे आणि सुऱ्या करतात. घराणंच लोहारांचं, आणि आमचं सामुराईंचं. रोज दुपारी शोगीचा, म्हणजे आमच्याकडच्या बुद्धिबळाचा, डाव टाकायला येतात आणि रोज दारातच मामंजी सुरू करतात, "आलास का रे विळेवाल्या? मोजे झटकून ये, कोळसा सांडशील."

इवाओसान तसेच आत येतात. "कालचा डाव कोण हरलं, सरदारसाहेब?"

साठ वर्षं हे असंच चाललंय म्हणे. मी या घरात आले त्याला सदतीस झाली, तेवढ्याची तर मीच साक्षीदार.

तलवार चांगली, पण घडवणाऱ्याचा पत्ता नाही. मामंजींच्या वडिलांनी ती युद्धावर न्यायला म्हणून मुठीच्या बाजूने कापून आखूड करून घेतली होती. नाव नेमकं तिथेच कोरलेलं असतं, तेही गेलं. कापून आणली आणि त्याच उन्हाळ्यात ते तापाने वारले. मामंजी तेव्हा पाच वर्षांचे. पुढे त्या नावाचा शोध घेण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. जाडजूड याद्या चाळल्या, तीनदा तज्ज्ञांकडे पाठवली. तिन्ही वेळा तोच कागद आला: बुंगो प्रांतातली, उत्तम, घडवणारा सांगता येत नाही. आता आम्ही राहतोच बुंगोत. एवढं तर आमच्या मांजरालाही ठाऊक होतं!

तलवार हातात घेण्याआधी मामंजी दोन्ही तळवे जमिनीवरच्या तातामी चटईवर टेकून वाकतात. तलवारीपुढे वाकायचंच असतं. पण अलीकडे त्यांचे हात थरथरतात, आणि माझ्या दोन्ही मुलींना तिच्यात काडीचाही रस नाही. म्हणून या डिसेंबरात ती गावच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं. मंगळवारी तिथल्या बाई न्यायला येणार होत्या. त्यांनी पाटीवरचा मजकूर आधीच पाठवला: "घडवणारा अज्ञात." तो वाचल्यापासून मामंजींचं जेवणात लक्ष लागेना.

"फुमिए," ते मला म्हणाले, "ऐंशी वर्षं सांभाळली गं. आणि घरातून जाताना तिच्या बापाचं नाव मला सांगता येत नाही. लाज वाटते."

मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार होते!

रविवारी मी नव्या वर्षाचं काळं सोयाबीन शिजवायला घेतलं. दाणे काळेभोर राहावेत म्हणून त्यात गंजकं लोखंड टाकतात. बाकीच्या बायका खिळे टाकतात. आमच्याकडे चार बोटं लांबीचा एक तुकडा आहे, सासूबाईंनी दिलेला, त्यांना त्यांच्या आजेसासूबाईंनी दिलेला. फडक्यात बांधायचा, पातेल्यात सोडायचा, शिजलं की पुसून डब्यात टाकायचा. त्यापलीकडे मी त्याच्याकडे कधी बघितलं असेल तर शपथ.

तेवढ्यात मागच्या दाराने इवाओसान आले, माझी सुरी धार लावून घेऊन. ओट्यावरचा तुकडा त्यांनी सहज उचलला.

"हे काय गं?"

"सोयाबीनचं लोखंड. द्या इकडे, पाणी उकळलंय."

देईनात. खिडकीपाशी गेले. कडेवर अंगठा फिरवला, बाहीने पुसलं, पुन्हा पुसलं. मग स्टूल ओढून बसले.

"एका बाजूला करवतीने कापलंय," ते म्हणाले. "फुमिए, तुझी सुरी बघ. पात्यावर काय कोरलंय?"

सुरीवरचं नाव कोण वाचतं? मी वाचलं. नारिमोतो. त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. गंजात बुडालेली तीच दोन अक्षरं, तशीच उजवीकडे कललेली.

"आमच्यात पहिल्यापासून हेच नाव कोरतात," इवाओसान म्हणाले. "तलवारींवर बंदी आली तेव्हा पणजोबा विळ्यांकडे वळले. आधी तलवारी करायचो असं ऐकून होतो, पण एकही शिल्लक नाही."

"मग हे मामंजींना कधी बोलला नाहीत?"

"हातात एक तलवार नसताना? तुझा सासरा हसून हसून मेला असता!"

मला हसू येईना. ज्या नावासाठी त्या माणसाने जन्म घालवला, ते मी दर डिसेंबरात उकळत होते. आणि त्याच नावाच्या सुरीने रोज मुळा चिरत होते. हे सांगायचं कसं?

शेवटी सांगितलंच. मामंजी तलवारीपुढे वाकले, मूठ स्वतः सोडवली आणि तुकडा कापलेल्या जागी लावला. मधे केसही मावेना इतका तंतोतंत बसला.

बराच वेळ ते अक्षरांवर बोट फिरवत राहिले.

"आज्जीने उचलून ठेवला असणार," म्हणाले. "तिला वाचता येत नव्हतं. पण लोखंड टाकवत नव्हतं." मग माझ्याकडे वळले. "तुझा काय दोष? तुम्ही तिघींनी सांभाळलं म्हणून तर राहिलं."

मला रडूच आलं.

इवाओसान दाराजवळ उभे होते. मामंजींनी त्यांना कोनाड्यासमोरच्या मानाच्या जागेवर बसायला सांगितलं.

"नको, कोळसा सांडेल," इवाओसान म्हणाले.

"बस म्हटलं ना!"

ते बसले. मामंजींनी दोन्ही तळवे तातामीवर टेकले आणि तलवारीपुढे वाकतात तसेच, कपाळ टेकेपर्यंत, इवाओसानपुढे वाकले.

"अहो, उठा. कंबर धरेल," इवाओसान म्हणाले. बोलता बोलता ते मामंजींना हाताला धरून उठवू लागले.

"सगळं खरं," मी डोळे पुसत म्हटलं, "पण माझ्या सोयाबीनचं काय?"

सोमवारी सकाळी इवाओसान नवा तुकडा घेऊन आले. चार बोटांचाच, वर दोन अक्षरं कोरलेली. "हा उकळायलाच घडवलाय. खुशाल उकळ," म्हणाले. दाणे काळेभोर झाले, अगदी दरवर्षीसारखे.

मंगळवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. पाटी बदलून द्यायचं कबूल केलं आणि तलवार आणि तो जुना तुकडा एकाच पेटीत घालून घेऊन गेल्या. मामंजी फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन चांगले दोन वाट्या भात जेवले.

दुपारी नेहमीच्या वेळी दार सरकलं.

"आलास का रे, नारिमोतो?" मामंजी आतूनच ओरडले. "मोजे झटकून ये."

आणि साठ वर्षांत पहिल्यांदा इवाओसाननी उंबऱ्यावर थांबून मोजे झटकले.