दुसऱ्या भागापासून

आमच्या घरात कुठलीही ॲनिमे मालिका दुसऱ्या भागापासून सुरू व्हायची. पहिला भाग बघायला बंदी होती आणि ती मीच घातली होती, कारण पहिल्या भागात माझे बाबा मरायचे.

बाबांचं काम आवाजाचं. जपानी कार्टून-मालिका आपल्या भाषेत आणायची तर पडद्यावरच्या ओठांवर कुणाचा तरी आवाज बसवावा लागतो. बाबांचा आवाज खर्जातला, मायाळू. हा माणूस घरात आहे ना, मग काही काळजी नाही, असं वाटायला लावणारा. असा माणूस पहिल्या भागात लागतोच. आधी त्याचं घर दाखवायचं, त्याला दोन विनोद करू द्यायचे, आणि बघणाऱ्यांचा जीव जडला की त्याला मारायचं. मग पोर घराबाहेर पडतं आणि पुढचे चोवीस भाग चालतात. कधी बाप, कधी गुरुजी, कधी बोटीचा कप्तान, असे सत्तावीस वर्षांत बाबा त्रेसष्ट वेळा मेले. स्टुडिओत शिरले की रेकॉर्डिस्ट विचारायचा, "काय काका, आज कितव्या मिनिटाला?"

"अठराव्या. त्याच्या आधी चहा पाज."

मालिकांचे संवाद मी लिहिते आणि डबिंगही मीच करून घेते. मुलगी म्हणून बाबांना मी कधी सवलत दिली नाही, उलट जरा जास्तच पिडलं. ओठ मिटल्यावर आवाज अर्धा क्षण जरी रेंगाळला तरी मी काचेपलीकडून म्हणणार, "पुन्हा." माझ्या पाठीमागे मला पुन्हाबाई म्हणतात. मला ऐकू येतं, कानांवरच तर माझं पोट चालतं.

माझी मुलगी सात वर्षांची, पण बोलणं सत्तरीतल्या बाईचं, म्हणून सगळे तिला ठमी म्हणतात. चार वर्षांची असताना तिने चुकून एक पहिला भाग पाहिला होता. आजोबांच्या आवाजातला म्हातारा बर्फात कोसळला आणि ही पोर पुढचे तीन दिवस आजोबांच्या शर्टाचं टोक धरून घरभर हिंडली. ते आंघोळीला गेले तर दाराबाहेर बसून राहायची. तेव्हापासून बंदी. त्यामुळे तिला एकाही गोष्टीची सुरुवात ठाऊक नव्हती. एकदा तिने मला विचारलं, "आई, ही सगळी मुलं आल्यापासूनच एवढी चिडलेली का असतात गं?"

"झोप झालेली नसते त्यांची," मी म्हटलं.

बाबा खो खो हसले. पण ती गेल्यावर म्हणाले, "हे काही बरं नाही. अख्खी गोष्ट दे तिला कधीतरी."

गेल्या वर्षी बाबांचा आवाज बसला आणि बसलाच. आधी आम्ही थंडीवर ढकललं, मग धुळीवर. शेवटी डॉक्टरांनी समोर कागद घेतला, गळ्याचं चित्र काढलं आणि स्वरयंत्रावर फुली मारली. काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. बाबांनी ते चित्र घडी घालून खिशात ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चौसष्टावं मरण कधी आहे आपलं?"

"गुरुवारी. आणि ऑपरेशन सोमवारी. बाबा, मी दुसरं कुणीतरी बघते."

"खबरदार," बाबा म्हणाले.

मालिका एका बेटावरची होती. दीपस्तंभ सांभाळणारा म्हातारा आणि त्याची नात. पहाटे तो तिला उठवतो, तिथून गोष्ट सुरू होते. अठराव्या मिनिटाला वादळात दिवा पेटता ठेवताना तो जातो. मरताना तो नातीला जे सांगतो ते मूळ जपानीतच इतकं रडकं होतं की मी त्यातला अर्धा भाग गाळला होता.

आमच्या कामाची एक रीत आहे. ओरडणं, विव्हळणं, मरणं सगळ्यात शेवटी घ्यायचं. त्याने घसा सोलवटतो, मग साधी वाक्यं बिघडतात. बाबांच्या बाबतीत तर ते फारच जपायला हवं होतं, कारण त्यांचा आवाज आता सकाळी जेमतेम तासभर बरा लागायचा.

गुरुवारी नऊला ते बूथमध्ये उभे राहिले, कोमट पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज मरण आधी घे."

"बाबा, काहीतरीच काय? नंतर आवाज उरणार नाही."

"उरेल तेवढ्यात बाकीचं करू. त्रेसष्ट वेळा मी घरी जाताना मरून गेलोय. या वेळी शेवटचं वाक्य जिवंत माणसाचं असू दे." ते थांबले, श्वास घेतला. "आणि हा भाग ठमीला दाखवायचा. पहिल्यापासून."

मला त्यांचा राग आला. आजारी माणूस हट्ट करतो तेव्हा येतो तसला, भीतीतून आलेला राग. रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं आणि पडद्यावर वादळ लागलं.

बाबा फार सुंदर मेले. एकाच टेकमध्ये. रेकॉर्डिस्ट चष्मा पुसत बसला. मग मधले प्रसंग झाले, जेवण, विनोद, दिव्याची काच पुसणं. प्रत्येक वाक्यागणिक आवाज झिजत होता आणि मी ऐकत होते. साडेदहाला फक्त पहिलं वाक्य उरलं. म्हातारा नातीच्या उशाशी बसून म्हणतो, "ऊठ गं ठकूबाई, समुद्र कधीचा उठलाय."

पहिल्या टेकला 'समुद्र' फाटला. "पुन्हा," मी म्हटलं. दुसऱ्याला खोकला आला. तिसऱ्याला पडद्यावरचे ओठ पुढे निघून गेले. चौथ्याला नुसती हवा बाहेर पडली. प्रत्येक वेळी मी म्हणत होते, "पुन्हा." यातलं एक शेवटचं असणार होतं आणि ते कोणतं ते मी ठरवणार होते.

पाचवा टेक वाईट नव्हता, पण चांगलाही नव्हता. शेवटच्या शब्दाला त्यांना धाप लागली होती. मी बटण दाबलं. "छान. झालं, बाबा."

त्यांनी हेडफोन काढले नाहीत. काचेतून माझ्याकडे बघत राहिले.

"खरं सांग. दुसरा कुणी असता तर सोडला असतास?"

तीस माणसांसमोर मी खोटं बोलू शकते. या एका माणसासमोर नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

बटण अजून माझ्या बोटाखालीच होतं. मी म्हटलं, "पुन्हा."

सहाव्या वेळी त्यांनी जोर लावणंच सोडून दिलं. ते माइकच्या अगदी जवळ आले आणि बोलले, जेमतेम ऐकू येईल इतकं. आवाज खरखरीत होता, पण ती खरखर आजाराची वाटली नाही. नुकत्याच उठलेल्या म्हाताऱ्याची वाटली, पोरीला दचकवायचं नाही म्हणून हळू बोलणाऱ्याची. लहानपणी मी रोज ऐकलेला आवाज होता तो. मला शाळेसाठी ते असंच उठवायचे.

"हा घेऊ या," मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली, हेडफोन खुंटीला लावले आणि चपला घातल्या. रेकॉर्डिस्टने उठून दार उघडून धरलं. रविवारपर्यंत ते घरात थोडं थोडं बोलले, भाजीवरून, पंख्यावरून, तेही तुटक.

ऑपरेशन नीट पार पडलं. दोन महिन्यांनी भाग लागला. बाबांच्या गळ्यापाशी आता एक भोक होतं आणि त्यावर ठमीने निवडलेला निळा रुमाल. ती त्यांच्या मांडीला टेकून बसली. मी सोफ्याच्या कडेवर बसले होते, काही झालं तर टीव्ही बंद करायच्या तयारीने.

अठराव्या मिनिटाला तिने शर्टाचं टोक पकडलं. म्हातारा गेला. तिने पडद्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"इथंच आहात ना?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटची पाटी आली तेव्हा ती म्हणाली, "म्हणून ती सगळी मुलं चिडलेली असतात होय." आणि मग, "आता परत पहिल्यापासून. ते उठवायचं."

मी मागे नेलं. बेट, पहाट, उशाशी बसलेला म्हातारा. ठमी पडदा सोडून आजोबांच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मीही वळले. बाबांचे ओठ हलत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांवर आवाज बसवलेला माणूस आपल्या आवाजावर ओठ बसवत होता. ऊठ गं ठकूबाई. समुद्र कधीचा उठलाय.

"आई, आजोबा बोलले!"

बोलले, पण 'समुद्र'वर ओठ अर्धा क्षण मागे राहिले होते. ते त्यांनाही कळलं होतं. ते माझ्याकडेच बघत होते, भुवया उंचावून, वाट बघत.

"उशीर झाला, बाबा," मी म्हटलं. "पुन्हा."

ठमीने रिमोट उचलला.